संख्येचे नाव, संख्येची पातळी आणि संख्येची खात्री
(वैज्ञानिक अंकलेखनाच्या अध्यापनासंबंधी)

१

संख्यालेखनाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन टोकांनी होतो. एका टोकाला शून्याच्या व दशमान स्थानपद्धतीच्या शोधाचे यथार्थ कौतुक असते. दुसऱ्या टोकाला शालेय गणितातील काही किरकोळ कृती असतात आणि त्यांतच 'वैज्ञानिक अंकलेखन' या प्रकरणाची गणना होते. फार मोठी अथवा फार लहान संख्या एक ते दहा यांमधील एखादा अंक गुणिले दहाचा घात अशा रूपात मांडावी, एवढाच त्या प्रकरणाचा आशय समजला जातो. दशांशचिन्ह डावीकडे जितकी घरे सरकेल तितका धन घातांक, उजवीकडे जितकी घरे सरकेल तितका ऋण घातांक, हा नियम पाठ झाला की प्रकरण संपले. विद्यार्थ्याला वाटते की ही शून्ये वाचवण्याची एक सोय आहे. आणि पुष्कळदा शिक्षकालाही तसेच वाटत असते.

ही समजूत अपुरी आहे, इतकेच नव्हे तर ती बाधक आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वैज्ञानिक अंकलेखन हा संक्षेप नव्हे. ती दोन स्वतंत्र विधाने आहेत. ३.८ × १०^८ असे लिहिताना घातांक संख्येची पातळी सांगतो आणि त्याच्या आधीचा सहगुणक त्या संख्येविषयीची आपली खात्री कोठवर आहे हे सांगतो. ही दोन विधाने मानवी बुद्धीला एकाच वेळी सुचलेली नाहीत. संख्यांना नावे देणे, त्यांना पायऱ्यांच्या क्रमात बसवणे, त्या क्रमाचा नियम ओळखणे आणि शेवटी मापनाची मर्यादा संख्येतच नोंदवणे, असा हा प्रवास आहे. यांपैकी कोणती पायरी कोणत्या ग्रंथाने चढली आणि कोणती गाळली, हे पाहिले म्हणजे आजच्या अध्यापनात नेमके काय हरवते ते स्पष्ट होते. याच हेतूने येथे काही ग्रंथांची परीक्षा केली आहे. कसोटी एकच : हा ग्रंथ वाचकाला संख्येविषयी काय करण्यास समर्थ करतो?

आरंभीच छपाईसंबंधी एक खुलासा करणे इष्ट आहे. या लेखात घातांक अंकाच्या डोक्यावर न देता ^ या खुणेपुढे दिला आहे. वर चढवलेला लहान अंक जुळणीत खाली उतरला की १०^६ चे १०६ होते, आणि दहा लाखांच्या जागी एकशे सहा वाचावे लागतात. चूक डोळ्यांना क्षुल्लक दिसते; अर्थाने ती प्रचंड असते. विज्ञानविषयक मजकुराची मुद्रिते तपासणाऱ्यास याचा अनुभव असतो.

२

प्रथम आपल्या परंपरेकडे वळू. यजुर्वेदसंहितेत एकापासून परार्धापर्यंत तेरा संज्ञांची मालिका आहे. प्रत्येक संज्ञा पूर्वीच्या दसपट. त्या मालिकेत परार्ध म्हणजे १०^१२. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) अशीच मालिका अठरा संज्ञांची आहे : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि परार्ध. येथे परार्ध १०^१७ आहे. या दोन मालिका शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट तत्काळ नजरेत भरते. शब्द तेच आहेत, पण पातळ्या बदलल्या आहेत. अर्बुद एकीकडे १०^७, तर दुसरीकडे १०^८. मध्य एकीकडे १०^१०, तर दुसरीकडे १०^१६. ललितविस्तर या बौद्ध संस्कृत ग्रंथात बोधिसत्त्वाच्या गणितपरीक्षेचा प्रसंग आहे. तेथे कोटीपासून पुढे शंभराच्या पटीने चढणारी तेवीस नावे येतात आणि मालिका तल्लक्षण म्हणजे १०^५३ येथे पोचते. त्या मालिकेत अयुत म्हणजे शंभर कोटी, अर्थात १०^९. आपल्या नित्याच्या मालिकेत अयुत म्हणजे केवळ दहा हजार.

नावांचा हा दोष केवळ भारतीय नाही. 'बिलियन' हा शब्द ब्रिटनमध्ये दीर्घकाळ १०^१२ या अर्थी आणि अमेरिकेत १०^९ या अर्थी वापरला जात होता. १९७४ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या आकडेवारीसाठी दुसरा अर्थ स्वीकारला. सहस्रपटीचा फरक एका शब्दात दडून राहू शकतो, हे नामपद्धतीचे मूळ वैगुण्य आहे. नाव हे संकेताने ठरते. संकेत देशपरत्वे व कालपरत्वे बदलतो. घातांक मात्र स्वतःचा अर्थ स्वतःच वाहून नेतो.

तथापि या मालिकांना नुसती नावांची यादी म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. लीलावतीकारांनी या संज्ञा उत्तरोत्तर दसपट असून पूर्वाचार्यांनी त्या व्यवहारासाठी केल्या आहेत असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे नाव हे येथे स्थानाचे नाव आहे, ढिगाचे नाव नाही. लहान मूल 'एकं, दहं, शतं' म्हणत अंक वाचते तेव्हा ते नकळत घातांकांचीच मोजणी करीत असते. या मोजणीत एक बारकावा आहे आणि तो अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परार्ध हे अठरावे स्थान, पण तो दहाचा सतरावा घात. स्थाने एकापासून मोजली जातात, पायऱ्या शून्यापासून. 'एक' ही संज्ञा पहिल्या स्थानी आहे, पण ती गाठण्यासाठी दहाने एकदाही गुणावे लागत नाही. विद्यार्थी १०^५ लिहिताना एक शून्य कमी किंवा अधिक लिहितो, त्याचे मूळ बहुधा याच गोंधळात असते. ज्याला १०^० = १ हे केवळ व्याख्या म्हणून सांगितले गेले आहे, त्याला या मालिकेतील पहिली पायरी दाखवावी; शून्य घातांकाची आवश्यकता त्याला आपोआप पटेल.

सूक्ष्म संख्यांच्या बाबतीत मात्र सावधपणा हवा. ललितविस्तरात परमाणुरजापासून बोटाच्या पेरापर्यंत दहा पायऱ्या सांगितल्या आहेत, प्रत्येक पायरी सातपट. म्हणजे एका पेरात ७^१० परमाणू : २८,२४,७५,२४९, वैज्ञानिक रूपात सुमारे २.८ × १०^८. पेर सुमारे दोन सेंटिमीटरचे धरले तर परमाणूची लांबी ७ × १०^−११ मीटरच्या आसपास येते. हायड्रोजन अणूची बोर त्रिज्या ५.३ × १०^−११ मीटर आहे. एवढे साम्य दिसताच प्राचीनांना अणूचे माप ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. हा मोह विचक्षण वाचकाने टाळलाच पाहिजे. सातपटीच्या दहा पायऱ्या मापनाने आलेल्या नाहीत. त्या कल्पनेच्या शिस्तीने आलेल्या आहेत. पायऱ्या नऊ असत्या तर उत्तर सातपट मोठे आले असते, अकरा असत्या तर सातपट लहान. आणि त्या ग्रंथाच्या दृष्टीने काहीही बिघडले नसते. त्या परंपरेचा खरा गौरव निराळा आहे. अतिसूक्ष्म वस्तूपर्यंत पोचण्यासाठी समान गुणोत्तराची शिडी लावावी लागते, हे तिने ओळखले. शिडीची दिशा बरोबर असणे आणि शिडीची लांबी मोजलेली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

३

आता आर्किमिडीजच्या 'सामाइटीज' म्हणजे 'वाळूची गणना' या लहानशा ग्रंथाकडे येऊ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजचा राजा गेलॉन यास उद्देशून तो लिहिला आहे. वाळूच्या कणांची संख्या अनंत आहे असे काही लोक मानतात. इतर काही ती अनंत मानीत नाहीत, पण तिच्याहून मोठी अशी कोणतीही संख्या नामनिर्दिष्ट झालेली नाही असे समजतात. आर्किमिडीजला या दोन्ही पक्षांचे खंडन करावयाचे आहे. यात दुसरा पक्ष अधिक महत्त्वाचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. 'अनंत' आणि 'मला लिहिता न येणारी' या दोन कल्पनांतील भेद दाखविणे हाच या ग्रंथाचा खरा विषय आहे. वाळू हे निमित्त.

ग्रीक अंकव्यवस्थेत दहा हजारांपर्यंत, म्हणजे आपल्या अयुतापर्यंत, नावे होती. आर्किमिडीज अयुतांचे अयुत घेतो, म्हणजे १०^८. तेथपर्यंतच्या संख्यांना तो पहिल्या श्रेणीच्या संख्या म्हणतो. १०^८ हेच नवे एकक मानून दुसरी श्रेणी १०^१६ पर्यंत, तिसरी १०^२४ पर्यंत, याप्रमाणे तो १०^८ श्रेणींपर्यंत जातो. त्या सर्वांचे एक आवर्तन करून पुन्हा अशा आवर्तनांचीही १०^८ पर्यंत गणना करतो. शेवटची संख्या लिहायची तर एकावर ८ × १०^१६ शून्ये द्यावी लागतील. ललितविस्तरातील मालिका आणि ही व्यवस्था यांतील भेद आकाराचा नाही, प्रकाराचा आहे. तेथे प्रत्येक पायरीला नवे नाव लागते. येथे नवे नाव लागतच नाही, क्रमांक पुरतो. जेव्हा नावाची जागा क्रमांक घेतो तेव्हा घातांकाचा जन्म होतो, असे म्हणण्यास हरकत नाही, जरी आर्किमिडीजपाशी घातांकाची खूण नव्हती आणि शून्यही नव्हते.

त्याने त्या क्रमांकांचा नियमही सांगितला आहे. एकापासून निघालेल्या भूमिती श्रेढीतील दोन पदांचा गुणाकार त्याच श्रेढीत पडतो आणि त्याचे स्थान त्या दोन पदांच्या स्थानांच्या बेरजेपेक्षा एकाने कमी असते. 'एकाने कमी' का? कारण त्याने एक ही संख्या पहिले स्थान म्हणून मोजली आहे. लीलावतीच्या मालिकेत आढळलेला तोच बारकावा येथे पुन्हा भेटतो. शून्य घातांक स्वीकारला की 'एकाने कमी' हे शब्द गळून पडतात आणि नियम निर्मळ होतो : गुणाकार करताना घातांकांची बेरीज करावी. पंधराव्या शतकात निकोला शुके याने १४८४ च्या हस्तलिखितात शून्य व ऋण घातांक वापरले. १५४४ मध्ये मिखाएल श्टीफेल याने भूमिती श्रेढी व अंकगणिती श्रेढी एकाखाली एक मांडून, एकाच्या डावीकडे ऋण घातांक ठेवून, ही गोष्ट उघड केली. १६३७ मध्ये देकार्तने घातांक अक्षराच्या डोक्यावर लिहिण्याची आजची रीत रूढ केली. सूक्ष्म संख्यांसाठी वेगळा नियम लागत नाही, ही शिडी एकाच्या खालीही तशीच उतरते, हे श्टीफेलच्या दोन ओळींनी जितके स्पष्ट होते तितके दशांशचिन्ह सरकवण्याने कधीच होत नाही.

ग्रंथातील प्रत्यक्ष गणना पाहण्यासारखी आहे. खसखशीच्या एका दाण्यात दहा हजारांहून अधिक वाळूचे कण मावत नाहीत असे तो धरतो, आणि दाण्याचा व्यास अंगुळाच्या चाळिसाव्या भागाहून कमी नाही असे मानतो. एक अंगुळ व्यासाच्या गोलात ४० × ४० × ४० म्हणजे ६४,००० दाणे; कण ६.४ × १०^८. आर्किमिडीज ६.४ सोडून देतो आणि '१०^९ हून कमी' एवढेच म्हणतो. अंगुळापासून स्टेडियम या ग्रीक लांबीपर्यंत १०^४ पट, म्हणून घनफळात १०^१२ पट. तेथून विश्वाच्या व्यासापर्यंत १०^१० पट, म्हणून घनफळात १०^३० पट. ९, १२ व ३० यांची बेरीज ५१. विश्व वाळूने भरले तरी कण १०^५१ हून अधिक नाहीत. मग तो अॅरिस्टार्कसचे सूर्यकेंद्री विश्व घेतो, त्यातील स्थिर ताऱ्यांच्या गोलाचा व्यास आणखी १०^४ पट, घनफळ १०^१२ पट, उत्तर १०^६३. अॅरिस्टार्कसची ती कल्पना आज आपल्याला मुख्यतः या गणनेच्या ग्रंथामुळे ठाऊक आहे, हा इतिहासाचा एक योगायोग.

येथे समीक्षकाने दोन गोष्टी नोंदल्या पाहिजेत. पहिली ही की आर्किमिडीज अज्ञानाला घाबरत नाही. पृथ्वीचा परीघ तीन लाख स्टेडियम ठरवण्याचा प्रयत्न झाला आहे हे तो जाणतो. तरीही तो तीस लाख धरतो. त्याला नेमके माप नको आहे. कोणीही खोडू न शकणारी वरची मर्यादा हवी आहे. दुसरी गोष्ट अशी की याच कारणाने त्याच्या पद्धतीत सहगुणक नाही. ६.४ मधील ६ आणि ४ यांना तेथे काहीच काम नाही. वैज्ञानिक अंकलेखनाचा अर्धा भाग, आणि तोही अवघड अर्धा, आर्किमिडीजने पूर्णत्वास नेला. दुसऱ्या अर्ध्याची त्याला गरजच नव्हती.

४

आधुनिक काळातील एका पुस्तकाचाही येथे विचार केला पाहिजे, कारण ते मुद्दाम अध्यापनासाठी लिहिलेले आहे. हॉलंडमधील बिल्टहोवन येथे शाळा चालविणारे शिक्षणतज्ज्ञ केस बूके यांचे 'कॉस्मिक व्ह्यू' हे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे उपशीर्षक 'विश्व चाळीस उड्यांत' अशा अर्थाचे आहे. शाळेच्या आवारात मांजर घेऊन बसलेली एक मुलगी पहिल्या चित्रात दिसते. तेथून प्रत्येक चित्रात दृष्टी दसपट दूर जाते आणि सव्वीस उड्यांत दीर्घिकांच्या पलीकडे पोचते; मग परत येऊन तेरा उड्यांत मुलीच्या हातावरील मिठाच्या कणातून अणुकेंद्रकापर्यंत उतरते. चार्ल्स व रे ईम्स यांचा १९७७ चा प्रसिद्ध लघुपट याच पुस्तकाच्या आधाराने झाला.

या पुस्तकाची थोरवी निर्विवाद आहे. घातांकातील एकाची वाढ म्हणजे वास्तवात दसपट वाढ, ही गोष्ट वाचकाच्या डोळ्यांना शिकवणारे त्याच्या तोडीचे दुसरे पुस्तक दाखविणे कठीण आहे. ज्या विद्यार्थ्याला १०^−१० आणि १०^−१५ या जवळजवळच्या संख्या वाटतात, त्याला बूके यांची चित्रे ओळीने पाहू द्यावीत. अणूपासून केंद्रकापर्यंत जाताना चार-पाच उड्या जवळजवळ रिकाम्या अवकाशातून घ्याव्या लागतात, हे त्याला जाणवेल. अणूचा व्यास केंद्रकाच्या व्यासाच्या सुमारे लाखपट असतो. म्हणून घनफळ १०^१५ पट. आर्किमिडीजने घातांकाची तिप्पट केली तीच कृती येथे पुन्हा उपयोगी पडते.

तरीही या पुस्तकाचा एक दोष त्याच्या गुणातूनच निघतो. सगळी चित्रे सारख्या आकाराची व सारख्याच आत्मविश्वासाने काढलेली आहेत. मुलीचे चित्र, सूर्यमालेचे चित्र आणि केंद्रकाचे चित्र यांच्या मागे असलेले ज्ञान मात्र एकाच प्रतीचे नाही. पहिले कोणीही पाहू शकतो. दुसरे वेधांनी व गणिताने मिळाले आहे. तिसरे प्रकाशाने पाहताच येत नाही, तेथे चित्र हे रूपक आहे. घातांकांची शिडी प्रत्येक पायरीला समान दर्जा देते. 'आपण येथे किती खात्रीने उभे आहोत' हा प्रश्न ती विचारीत नाही. तो प्रश्न विचारणे हे सहगुणकाचे काम आहे, आणि बूके यांच्या पुस्तकात, आर्किमिडीजच्या ग्रंथाप्रमाणेच, सहगुणकाला स्थान नाही.

५

सहगुणकाचे महत्त्व एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. एव्हरेस्ट शिखराची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. गणनेतून नेमके २९,००० फूट आले होते, पण ती संख्या ढोबळ अंदाज वाटेल म्हणून तीत दोन फूट मिळवले गेले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील अडचण खरी आहे. २९,००० असे लिहिले तर शेवटची तीन शून्ये मोजून मिळाली की केवळ जागा भरण्यासाठी आली, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नाही. साध्या अंकलेखनात शून्य दोन कामे करते, स्थान दाखवण्याचे आणि मोजलेला अंक असण्याचे, आणि त्या दोहोंत ते फरक करू देत नाही. २.९ × १०^४ आणि २.९००० × १०^४ या दोन लेखनांत मात्र तो फरक स्वच्छ दिसतो. पहिले म्हणते : हजारापर्यंत खात्री आहे. दुसरे म्हणते : एकेका फुटापर्यंत खात्री आहे. दोन फूट खोटे मिळवण्याची आवश्यकताच उरत नाही. २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, ८.८४८८६ × १०^३ या रूपातील प्रत्येक अंक हा एक दावा आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अॅव्होगाड्रो संख्येचे. ती दीर्घकाळ प्रयोगाने मोजली जात होती, आणि प्रत्येक सुधारित प्रयोगाबरोबर तिच्या सहगुणकात एखादा अंक वाढत होता. २० मे २०१९ पासून तिचे मूल्य ६.०२२१४०७६ × १०^२३ असे व्याख्येनेच निश्चित केले आहे. म्हणजे त्या अंकांपुढे आता अनिश्चितता नाही. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मात्र अद्यापि मोजावाच लागतो, ६.६७४३ × १०^−११ या त्याच्या सहगुणकातील पहिल्या चार अंकांनंतर खात्री झपाट्याने ओसरते. पुस्तकात दोन्ही संख्या एकाच तक्त्यात, एकाच ठशात छापलेल्या असतात. एक संकेत आहे आणि दुसरे निसर्गाला विचारलेल्या प्रश्नाचे अपुरे उत्तर आहे, हे तक्ता सांगत नाही. शिक्षकाने सांगितले पाहिजे.

गणकयंत्रामुळे ही गरज वाढली आहे, कमी झालेली नाही. फूटपट्टीने दोन अंकांपर्यंत मोजलेल्या दोन लांबींचा भागाकार यंत्र दहा अंकांत दाखवते आणि विद्यार्थी ते दहाही अंक वहीत उतरवतो. त्यातले आठ अंक कोणी मोजलेले नाहीत. त्याला आपण खोटे बोलतो असे वाटत नाही, कारण सहगुणक हे विधान आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

६

आता अध्यापनाचा प्रश्न. दशांशचिन्ह सरकवण्याच्या नियमाने शिकलेला विद्यार्थी परीक्षेत ०.०००४७ चे ४.७ × १०^−४ करतो, पण पुढच्याच प्रश्नात ३ × १०^४ आणि २ × १०^५ यांची बेरीज ५ × १०^९ लिहितो. १०^−४ ही ऋण संख्या आहे असेही पुष्कळांना वाटते. या चुका निष्काळजीपणाच्या नव्हेत. ज्याला घातांक ही पातळी आहे हे कळले आहे, तो दोन भिन्न पातळींवरील संख्या एका पातळीवर आणल्यावाचून मिळवणार नाही. रुपये आणि पैसे तो जसे मिळवीत नाही तसेच. ०.३ × १०^५ आणि २ × १०^५ मिळून २.३ × १०^५ होतात, हे त्याला नियमावाचून सुचेल.

यावर उपाय म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : आरंभ भाषेपासून करावा. मराठी वृत्तपत्रे अंदाजपत्रकाचे आकडे देताना 'लाख कोटी' असे म्हणतात. लीलावतीच्या मालिकेत त्या पातळीला महापद्म हे सुंदर नाव आहे, पण व्यवहाराने ते नाव टाकून गुणाकार पत्करला. लाख म्हणजे १०^५, कोटी म्हणजे १०^७, लाख कोटी म्हणजे १०^१२. ही घातांकांची बेरीजच होय. मराठी बोलणारा मनुष्य ती रोज करतो. तिला केवळ चिन्ह देण्याचे काम शाळेचे आहे. ज्या समाजाच्या तोंडी हजार कोटी व लाख कोटी हे शब्द सहज येतात, त्याला त्या दोहोंत शंभरपटीचे अंतर आहे याची जाणीव नसेल, तर सार्वजनिक खर्चाविषयीचे त्याचे मत भाबडे राहते. म्हणून हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही.

दुसरी सूचना अशी की शिडीचा वरचा व खालचा भाग एकत्रच शिकवावा. मोठ्या संख्यांचा एक धडा व सूक्ष्म संख्यांचा निराळा धडा केल्याने ऋण घातांक हा एक परका प्राणी होऊन बसतो. श्टीफेलप्रमाणे दोन ओळी लिहाव्यात. वर …१००, १०, १, १/१०, १/१००… आणि खाली …२, १, ०, −१, −२…. आणि वरच्या ओळीतील गुणाकार खालच्या ओळीत बेरीज होतो हे विद्यार्थ्यालाच शोधू द्यावे.

तिसरी सूचना मापनाची. घातांक शिकवताना अंदाजाचे एक तरी उदाहरण सोडवून घ्यावे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे प्रत्येक घरात दुप्पट, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. ही संख्या अचूक आहे आणि या रूपात निरुपयोगीही आहे. १.८ × १०^१९ असे लिहिताच प्रश्न सुरू होतात. एक किलो तांदळात दाणे किती? सुमारे ५ × १०^४. मग तांदूळ सुमारे ४ × १०^१४ किलो, म्हणजे ४ × १०^११ टन. जगात तांदळाचे वार्षिक उत्पादन सुमारे ५ × १०^८ टन. म्हणजे राजाला आजच्या जगाचे सुमारे आठशे वर्षांचे पीक द्यावे लागेल. येथे विद्यार्थ्याने विचारावे : आठशे की सातशे साठ? आणि त्याला उत्तर मिळावे : किलोतील दाणे आपण एकाच अंकापर्यंत जाणतो, म्हणून वर्षेही एकाच अंकापर्यंत सांगता येतात. या एका उदाहरणात पातळी आणि खात्री दोन्ही शिकवून होतात.

२०२२ मध्ये वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १०^२७ व १०^३० यांसाठी रोना व क्वेटा, आणि १०^−२७ व १०^−३० यांसाठी रोंटो व क्वेक्टो ही उपपदे स्वीकारली. नावे पुन्हा आली, असे यावर कोणी म्हणेल. आली, पण आता ती घातांकाच्या आधाराने आली. पातळी आधी ठरली आणि नाव मागाहून. प्राचीन परार्धाचे दोन अर्थ झाले तसे क्वेटाचे होण्याचा संभव त्यामुळे फारसा नाही. नावाचा आनंद आणि पातळीचा नियम यांचा हा समेट स्वागतार्ह आहे.

सारांश, लीलावतीने स्थानांची ओळख करून दिली, आर्किमिडीजने स्थानांचा नियम दिला, बूके यांनी त्या नियमाला दृश्य रूप दिले. आणि सहगुणकाचा विवेक या तिघांपैकी कोणीही दिला नाही, तो मापन करणाऱ्यांनी दिला. आपल्या वर्गातून नियम शिकवला जातो, आणि तोही उपपत्ती गाळून; बाकीच्या तीन गोष्टी सुटतात. विद्यार्थ्याला ६.०२ × १०^२३ लिहिता येणे हे या प्रकरणाचे साध्य मानू नये. त्या संख्येतील २३ बदलून २४ झाले तर काय बिघडते आणि ६.०२ च्या जागी ६.०० लिहिले तर काय बिघडते, या दोन प्रश्नांना त्याला दोन वेगळी उत्तरे देता आली पाहिजेत. ती देता आली म्हणजे त्याला हे अंकलेखन आले.